सुटें पान आणि सबंध पुस्तक

गेल्या पावसाळ्यांतील एक हकीकत सांगून या लेखास आरंभ करतों. ती आमच्या फजितीची असल्यामुळें सांगतांना संकोच वाटतो. परंतु जें आम्ही मुलांना रोज शिकवितों तें आमचें आम्हांसच कसें आलें नाहीं, हें तिच्यावांचून समजावयाचें नाहीं. जुलै महिन्यांत एके रात्रीं साडेनऊच्या सुमारास आमच्या मोबाईलवर एक संदेश आला. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळें उद्या जिल्ह्यांतील सर्व शाळांना सुट्टी आहे, असा त्याचा आशय होता व खालीं एका मोठ्या हुद्द्याचा उल्लेख होता. बाहेर पाऊस कोसळतच होता. आम्हीं क्षणाचाही विलंब न लावतां तो संदेश आमच्या वर्गाच्या पालकांच्या गटावर पाठविला आणि निश्चिंत मनानें निजलों. दुसरे दिवशीं शाळा नेहमीप्रमाणें भरली. छप्पन्न मुलांपैकीं एकोणीस हजर होतीं. हेडमास्तरांच्या खोलींत आमचें जें स्वागत झालें त्याचें वर्णन येथें करीत नाहीं. मौज ही कीं, तो संदेश खोटा मुळींच नव्हता. तो आदल्या वर्षींचा होता.

मधल्या सुट्टींत आम्ही ग्रंथालयांत जाऊन बसलों. ग्रंथपालबाईंनीं सर्व ऐकून घेतलें व पुस्तकांवर कागद चढवितां चढवितां विचारलें, “सर, त्यावर तारीख होती का?” आम्हीं मोबाईल काढून पाहिला. तारीख नव्हती. “मग तो उद्या म्हणजे कोणत्या दिवसाचा उद्या?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

वाचकहो, ग्रंथालयांतील कोणतेंही पुस्तक हातीं घ्या. कव्हर उलटल्यावर जें पहिलें छापील पान येतें तें मुलें बहुधा पाहतही नाहींत. गोष्ट जेथें सुरू होते तेथें तीं थेट उडी मारतात. परंतु त्या दोन पानांवर पुस्तकाची सारी कुंडली असते. कोणीं लिहिलें, कोणीं छापिलें, कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं, कितवी आवृत्ति. त्यावर आमच्या शाळेचा शिक्का असतो व दाखल नोंदवहींतील क्रमांक असतो. म्हणजे तें आमच्याकडे केव्हां आलें व कोठून आलें हेंही सांगतां येतें. आतां त्याच पुस्तकाचें मधलें एक पान फाटून वाऱ्यानें रस्त्यावर गेलें आहे अशी कल्पना करा. ज्यास तें सांपडेल त्यास अक्षरें तींच दिसतील. परंतु कोण बोलत आहे, केव्हां बोलत आहे, आणि मागचापुढचा संबंध काय, हें मात्र कळणार नाहीं. मोबाईलवर आपल्याकडे जें येतें त्यापैकीं पुष्कळसें अशा सुट्या पानांच्या जातीचें असतें. आमची फजिती झाली ती इतकीच कीं, सुटें पान आम्हीं सबंध पुस्तक समजून वाचलें.

आमची फजिती एका दिवसानें सरली. सर्वांचें असें भाग्य नसतें. सन २०१८ सालीं आपल्या देशांत मुलें पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा मोबाईलवरून पसरल्या होत्या. त्यांबरोबर एक चलच्चित्र फिरत होतें. मोटारसायकलवरून दोघे येतात व रस्त्यांत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेंच त्यांत दिसे. वस्तुतः तें चित्र पाकिस्तानांतील कराची शहरीं, मुलांना जपा असा इशारा पालकांना देण्यासाठीं, मुद्दाम तयार केलेलें होतें. मूळ चित्राच्या शेवटीं तेच दोघे परत येतात, मुलाला खालीं ठेवतात आणि इशाऱ्याचा फलक दाखवितात. तो शेवट कोणीं तरी कापून टाकला होता. त्या वर्षाच्या १ जुलै रोजीं आपल्याच महाराष्ट्रांत, धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा या गांवीं, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजांतील पांच माणसांना, तीं मुलें पळविणारीं आहेत अशा समजुतीनें जमावानें ठार मारिलें. तीं मुलें पळविणारीं नव्हतीं. बाजारच्या दिवशीं परगांवाहून आलेलीं गरीब माणसें होतीं तीं.

हें लिहितांना आमचा हात जड होतो, व इतकी भीषण गोष्ट शाळेच्या वार्षिकांत यावी कीं न यावी याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. परंतु त्या दिवसांत असले संदेश पुढें पाठविणारे लोक दुष्ट होते असें मानणें चुकीचें होईल. त्यांपैकीं बहुतेकांना आपापल्या मुलांची काळजीच वाटत असेल. आणि आम्हींही सुट्टीचा संदेश काळजीपोटींच पाठविला होता. त्या महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पाठवितां येऊं नये अशी मर्यादा घातली, व दुसऱ्याकडून आलेला संदेश पुढें पाठविल्यास त्यावर तशी खूण उमटूं लागली. ती खूण दिसली म्हणजे एवढेंच समजावें कीं, हें पान ज्यानें आपणांस दिलें त्याचें तें नव्हे. तें कोणाचें, हें ती खूण सांगत नाहीं.

मग सांगावयाचें कोणीं? येथें शाळेच्या ग्रंथालयाचें काम येतें. पुष्कळ पालकांची अशी समजूत आहे कीं, आतां घरोघरीं इंटरनेट आल्यावर ग्रंथालय ही मागील काळची वस्तु झाली. कपाटें विकून तेथें संगणक मांडावे. आमच्या ग्रंथालयांत संगणकही आहेत, तीन आहेत, व त्यांपैकीं दोन चालतात. परंतु ते कपाटांच्या शेजारीं आहेत म्हणूनच त्यांचा उपयोग कसा होतो, हें नववीच्या वर्गाच्या एका उपक्रमावरून दाखवितों.

सन २०२० च्या जून महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें पाणी अकस्मात् गुलाबी झालें, हें पुष्कळांस आठवत असेल. पाणी गुलाबी कां झालें, एवढा एकच प्रश्न आम्हीं मुलांना घातला व दोन तासिका दिल्या. पहिल्या तासिकेंत केवळ संगणक. मुलांनीं उत्तरें आणलीं तीं ऐकण्यासारखीं होतीं. एकानें शाप सांगितला, एकानें येणाऱ्या संकटाची सूचना सांगितली, एकानें कारखान्याचा रंग सांगितला. कोठें वाचलेंस, असें विचारतां प्रत्येकाचें उत्तर एकच, “सर, नेटवर.” जणूं काय नेट हें एखाद्या गृहस्थाचें नांव आहे.

दुसऱ्या तासिकेंत बाईंनीं कपाटें उघडलीं. एका जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत असें निघालें कीं, लोणारचें विवर ज्वालामुखीनें झालें. दुसऱ्या एका लहानशा पुस्तकांत अशनीच्या आघातानें झाल्याचें निघालें. मुलें गोंधळलीं, छापलेलीं दोन पुस्तकें, दोन्हींवर शाळेचा शिक्का, आणि दोघांचें भांडण! आम्हांस तर हाच क्षण हवा होता. बाईंनीं दोन्ही पुस्तकांचें तें दुर्लक्षित पहिलें पान उघडावयास सांगितलें. भूगोलाचें पुस्तक फार जुन्या सालचें होतें, दुसरें अलीकडचें. दरम्यान काय घडलें? १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दाखविण्यांत आलें कीं, लोणारच्या खडकांत कांचेसारखें असें एक द्रव्य सांपडतें, जें अतिप्रचंड आघातावांचून उत्पन्न होत नाहीं. म्हणजे जुना ग्रंथकार लबाड नव्हता. त्याच्या काळीं जें ठाऊक होतें तें त्यानें लिहिलें. तेव्हां छापील म्हणून खरें असेंही नाहीं, हें मुलांस ग्रंथालयांतच उमगलें. पुढें विवराच्या वयाचा प्रश्न निघाला. एका रीतीनें मोजणारे सुमारें पन्नास हजार वर्षें म्हणतात. दुसऱ्या रीतीनें मोजणारे पांच लाखांहून अधिक म्हणतात. “मग खरें कोणतें, सर?” आम्हीं म्हटलें, दोघेही आपण कसें मोजलें तें सांगतात, एवढें लिहून घ्या.

आणि गुलाबी पाणी? तें कोणत्याच पुस्तकांत नव्हतें. कारण पुस्तकें २०२० पूर्वींचीं होतीं. हें मुलांनीं आपण होऊन सांगितलें, आणि त्या दिवशींची आमची खरी कमाई ती. मग तीं पुन्हां संगणकाकडे गेलीं. परंतु या वेळीं “लोणार गुलाबी” असें शोधून पहिलें दिसेल तें उचलण्याऐवजीं, हें कोणीं तपासलें असेल, असा प्रश्न घेऊन गेलीं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाण्याचे नमुने तपासले होते. पाण्याची पातळी उतरून खारटपणा वाढला, अशा पाण्यांतच फोफावणारे सूक्ष्म जीव अतोनात वाढले, व त्यांच्या अंगच्या गुलाबी रंगानें पाणी रंगलें. ते तळाशीं बसूं लागले तसा रंग ओसरूं लागला. शाप सांगणाऱ्या मुलानें हें वर्गांत वाचून दाखविलें, आणि शेवटीं संस्थेचें नांव व सालही सांगितलें. तें त्यास कोणीं सांगावयास सांगितलें नव्हतें.

पुस्तकावरून पडद्याकडे आणि पडद्यावरून पुस्तकाकडे जाण्याची ही वाट मुलांना एकदां दाखविली कीं ती त्यांची होते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. त्याचे जाड खंड आमच्या खालच्या फळीवर आहेत, व तोच विश्वकोश आतां इंटरनेटवरही विनामूल्य वाचतां येतो. त्यांतील नोंद संपली कीं खालीं लिहिणाऱ्याचें नांव असतें. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. त्यांत कोणासही भर घालतां येते. म्हणून कित्येक शिक्षक त्यास वर्ज्य मानतात. आम्हांस तें पटत नाहीं. त्याच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर इतिहास पाहण्याची सोय असते. कोणता मजकूर कोणत्या दिवशीं बदलला हें तेथें दिसतें, आणि खालीं आधार दिले आहेत कीं नाहींत हेंही दिसतें. आधार असल्यास तेथवर जावें. नसल्यास तें सुटें पान समजावें.

आतां वेळेविषयीं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन् हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ सालीं ते ग्रंथपाल झाले तेव्हां प्रथम त्यांस त्या कामाचा कंटाळा आला होता असें सांगतात. पुढें त्यांनींच साऱ्या जगास ग्रंथालयशास्त्र शिकविलें. १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयाचे पांच नियम मांडले. त्यांपैकीं एक असा कीं, वाचकाचा वेळ वांचविला पाहिजे. म्हणून पुस्तकांना क्रमांक, म्हणून विषयवार फळ्या, म्हणून सूची. जें हवें तें चटकन् मिळावें व वाचकानें उठून आपल्या कामास जावें. मोबाईलवरील करमणुकीचा व्यवहार याच्या अगदीं उलट आहे. तेथें जाहिरातीवर पैसा मिळतो, आणि आपण जितका वेळ पाहत राहूं तितक्या जाहिराती दिसतात. सबब आपण उठून जाऊं नये अशीच तेथील मांडणी असते. एक चित्र संपतें न संपतें तों दुसरें आपोआप सुरू होतें. आपण कशापाशीं थांबलों याची नोंद होते व तसेंच आणखी पुढें येतें. पुस्तकास शेवटचें पान असतें. त्या पडद्यास तें नाहीं. अकराव्या वर्षाच्या मुलानें स्वतःच्या निग्रहानें तेथून उठावें अशी अपेक्षा करणें म्हणजे त्यास हलवायाच्या दुकानांत बसवून उपास सांगणें होय. आम्ही स्वतः चाळिशी ओलांडलेले गृहस्थ, परंतु क्रिकेटचीं जुनीं चलच्चित्रें पाहतां पाहतां रात्रीचा एक वाजल्याचें आम्हांस ठाऊक आहे.

उतरवून काढण्याचा दोष नवीन नाहीं. आम्हींही लहानपणीं शेजाऱ्याच्या वहींत पाहिलें आहे. परंतु पूर्वीं निदान हातानें उतरवावें लागे व उतरवितांना थोडें तरी डोक्यांत शिरे. गेल्या वर्षीं “माझी आजी” या विषयावर आमच्याकडे चार निबंध असे आले कीं, चौघांच्याही आज्या एकाच गांवच्या, चौघींनाही तुळशीपाशीं बसून ओव्या म्हणण्याची संवय. त्यांतील एकाची आजी आम्हांस चांगली ठाऊक आहे; ती गिरणीकामगाराची बायको, मुंबईच्या चाळींत वाढलेली, आणि तिला एकही ओवी येत नाहीं. त्या मुलाला आम्हीं रागें भरलों नाहीं. घरीं जाऊन आजीला तीन प्रश्न विचारून ये, असें सांगितलें. त्यानें आणलेला निबंध याच अंकांत अन्यत्र छापला आहे. वाचकांनीं तो अवश्य वाचावा.

आतां वर्तनाची गोष्ट, जी आम्हांस सर्वांत अवघड वाटते. ग्रंथालयाच्या पुस्तकाच्या समासांत कोणीं तरी एका मुलीचें वांकडें नांव पेन्सिलीनें लिहिलें होतें. बाईंनीं तें रबरानें पुसलें. तिला तें कळलेंही नाहीं. त्यानंतर थोड्याच महिन्यांत दुसऱ्या एका मुलाच्या छायाचित्रावर मिशा व शिंगें काढून तें कोणीं वर्गाच्या गटावर टाकलें. सायंकाळपर्यंत तें इतर शाळांतील मुलांपाशीं पोंचलें होतें. ज्यानें काढलें त्यास पश्चात्ताप झाला; त्यानें आपल्या मोबाईलवरून तें काढूनही टाकलें; परंतु जें शंभर ठिकाणीं गेलें त्यास कोणतें रबर लावावयाचें? ज्याचें चित्र होतें तो आठ दिवस शाळेंत आला नाहीं. आला तेव्हांही शेवटच्या बांकावर बसला. मधल्या सुट्टींत तो ग्रंथालयांत येऊं लागला, कारण तेथें मोबाईल आणण्यास मनाई आहे. ग्रंथालयाचा हा उपयोग आमच्या कोणाच्याच ध्यानीं आला नव्हता.

पुस्तक नेतांना देवघेवीच्या वहींत सही करावी लागते. मुलें कुरकुर करतात; परंतु आपल्या हातून जें गेलें त्यास आपलें नांव लागलें आहे, ही जाणीव त्या सहीनें होते. टोपणनांवाआड लिहिणाऱ्यास ती होत नाहीं. शिवाय त्या वहीची दुसरीही बाजू आहे. कोणत्या मुलानें कोणतें पुस्तक नेलें हें बाई दुसऱ्या मुलाला सांगत नाहींत. वही खणांत असते व खणास कुलूप असतें. मोबाईलवर आपण काय पाहतों, कोठें जातों, कोणाशीं बोलतों याच्याही वह्या भरतातच; फक्त खण आपल्या दृष्टीस पडत नाहीं. २०२३ सालीं संसदेनें संमत केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वीं आईबापांची पडताळून पाहतां येईल अशी संमति घ्यावी, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना हेरून जाहिराती दाखवूं नयेत, अशी तरतूद आहे. परंतु मुलानें वय खोटें घातलें, किंवा बाबांनींच घाईघाईनें “मान्य आहे” ही कळ दाबली, तर तरतूद कागदावरच राहावयाची.

पालकांस आमची विनंती फार मोठी नाहीं. मुलाचा मोबाईल चोरून तपासण्यापेक्षां आठवड्यांतून एकदां त्याच्या शेजारीं बसून, “हें कोणीं सांगितलें? केव्हां? याचा शेवट कोठें आहे?” एवढें त्याच्याबरोबर शोधावें. आपणांस येत नसल्यास त्यालाच शिकवावयास सांगावें. मुलांना बापास शिकविणें फार आवडतें. फसवणुकीनें पैसे गेल्यास लाजून गप्प बसूं नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें, उशीर झाल्यास पैसे हातीं लागणें कठीण होतें. मूल संकटांत असल्यास १०९८ हा क्रमांक आहे. आणि घरांत एक फळी पुस्तकांची असावी. साताऱ्याजवळच्या भिलार गांवीं २०१७ सालीं घरोघरीं पुस्तकें मांडून अवघ्या गांवाचेंच ग्रंथालय करण्यांत आलें. सहलीस गेलेल्या आमच्या मुलांनीं तेथें परक्यांच्या पडवींत बसून दोन दोन तास वाचलें, आणि चहा झाला तरी उठलीं नाहींत. आपल्या स्वतःच्या पडवींत तीं कां वाचीत नसावींत, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

ग्रंथालय सोमवार ते शुक्रवार शाळा सुटल्यावर पांच वाजेपर्यंत व शनिवारीं बारापर्यंत उघडें असतें. पुस्तक सात दिवसांसाठीं मिळतें. पालकांनाही सही करून पुस्तक नेतां येतें, हें पुष्कळांस ठाऊक नाहीं. लोणारवरील तें लहान पुस्तक नोव्हेंबरपासून परत आलेलें नाहीं. वहींत कोणाची सही आहे हें बाई आम्हांसही सांगत नाहींत. ज्याच्यापाशीं असेल त्यानें तें सुट्टीपूर्वीं आणून द्यावें. आठवीच्या चार मुलांनीं त्यासाठीं नांवें नोंदविलीं आहेत.